पिंपळखरे विरुद्ध लिंडक्विस्ट

नाव सांगा, पूर्ण, रेकॉर्डसाठी.
मी सांगितलं : उत्तरा पिंपलखरे.
स्टेनोग्राफर बाईंनी टाइप केलं, मान वर केली नाही.
टोलेडोत अकरा वर्षं मला असंच म्हणतात,
बँकेत, लायब्ररीत, त्या दिवशी त्या खुर्चीतसुद्धा.
माझ्याच तोंडून ते निघालं तेव्हा
खोलीत कुणालाच काही पडल्याचा आवाज आला नाही.

अक्कलदाढ होती. उजवीकडची, खालची, आडवी.
चाळीस मिनिटांचं काम, डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाले,
संध्याकाळी आइस्क्रीम खा.
खाल्लं. अर्ध्या जिभेला थंड लागलं,
अर्धीला काहीच नाही.
भूल उतरेल, ते म्हणाले. सोमवारी म्हणाले, उतरेल.
थँक्सगिव्हिंगला म्हणाले, कधी कधी वर्ष लागतं.
तोवर मी जीभ चावायचे,
आणि भातावर लाल दिसलं की मग मला कळायचं.

कळायचं.
लिहिते आहे म्हणून साधतंय.

मिस्टर गॅरिटी, त्यांचे वकील. सभ्य माणूस,
पाण्याचा ग्लास स्वतः पुढे सरकवला.
एक्झिबिट चार : संमतिपत्र, ‘क्वचित’ या शब्दाखाली पिवळी रेघ,
खाली माझी सही, देवनागरी, ळ ठळक.
ही तुमचीच ना? माझीच.
नोकरी? पाणीपुरवठा खात्यात, बिलांच्या टेबलावर.
फोनवर बोलावं लागतं? दिवसभर.
ग्राहकांची काही तक्रार? नाही.
मग तुमच्या बोलण्यात नेमकं काय बिघडलंय, मॅडम,
जरा ऐकवाल?

आता काय ऐकवू.
त्यांच्या सव्वीसांत जे नाहीच
ते हरवल्याची फिर्याद त्या सव्वीसांतच मांडायची.
मिस कोवाल्स्कीनं, माझ्या वकिलीणबाईनं, बजावलं होतं,
विचारतील तेवढंच बोल.
म्हटलं, एक अक्षर आहे.
जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची, मग सोडायची.
टेकली की नाही, ते मला आता समजत नाही.
एक अक्षर? त्यांनी विचारलं.
एक.
बाई टाइप करत राहिल्या.

विचारलं नाही ते असं :
आईशी बोलताना मी आडवाटेनं जाते.
हळू नाही, सावकाश. सगळं नाही, सर्व.
वेळ नसतो, टाइम नसतो.
जवळ म्हणायच्या जागी नुसती गप्प.
मिरजेहून ती विचारते,
अगं, अशी छापल्यासारखी का बोलतेस?
आमटीत गूळ घातलास का?
घातला, म्हणते.
घातलेला असतो. डावीकडे लागतो.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
माझी तर दाढच काढलेली,
तरी चढावं लागलं नाही, फेब्रुवारीत फोनवरच मिटलं.
अडतीस हजार. त्यातले एक तृतीयांश मिस कोवाल्स्कीचे,
शिवाय सुई टोचून बघणाऱ्या तज्ज्ञाची फी,
शिवाय झेरॉक्स.
डॉक्टरांनी काही चुकल्याचं मान्य केलेलं नाही, असं कलम तीन.
कलम सात : याविषयी कुणाशीही बोलायचं नाही.
ते वाचून मला हसू आलं. तिला आलं नाही,
तिची पोलिश आजी कोणत्या अक्षरांनी बोलायची
ते तिला आठवत नाही, एकदा लिफ्टमध्ये म्हणाली होती.

बाहेर नदीवर बर्फाच्या लाद्या, एकमेकींना खेटून.
तिनं पेन पुढे केलं, पान नऊ, खाली.
उ, त्त, रा.
मग पिं, प,
आणि तिथे हात थोडा रेंगाळला,
एकाच दोऱ्याच्या दोन गाठी मारल्यासारखा.
झालं? तिनं घड्याळ बघत विचारलं.
थांब, मी म्हटलं,
अजून दोन अक्षरं.